महिला-बालकल्याणचा १० टक्के निधी : बेबी किट सोडून काय करता येईल?

कडेगावची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत निवडून आलेय, गाव कडेगाव तालुक्यात, नाव टाकत नाही कारण गावातली दोघं-तिघं इथं वाचत असतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला-बालकल्याणवर घालायचा असतो, आमच्याकडं मागच्या वर्षीचा न खर्चलेला धरून लाख-सव्वा लाख होतोय. आजवर त्यातनं काय झालं तर हळदीकुंकू, शिलाई मशिनी (कुणाच्या घरात गेल्या ते विचारू नका) आणि एकदा अंगणवाडीला खुर्च्या.

यंदा ठरतंय गरोदर बायांना बेबी किट. टॉवेल, साबण, पावडर, ती मच्छरदाणीवाली छोटी गादी, आणि डब्यावर सगळ्या सदस्यांचे फोटो. पण मला पटेना झालंय. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एक पहिलटकरीण माहेरी आलेली, अंगात रक्त कमी, ऐनवेळी रक्तासाठी सगळी पळापळ, बाळ दीड किलोचं. दोघं वाचली हे नशीब. आता तिला पावडरचा डबा मिळाला असता तर काय झालं असतं?

तर विचारायचं हे की एवढ्याच पैशात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला खरंच उपयोग होईल असं काय करता येईल. उपकेंद्र गावातच आहे, आशा दोन आहेत, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आठ किलोमीटरवर. कुठली योजना किती पैसे देते ते कृपया नका सांगू, ते सगळं दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.

वाळव्याचा_गडी

ताई पयलं अभिनंदन. किटचं कोटेशन कुणाच्या दुकानाचं हाय तेवढं बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळंल 😀

दुसरं म्हंजे रात्रीची गाडी. आमच्याकडं गळीत हंगामात रस्त्यावर डबल ट्रॉल्या उभ्या असतात, मागं रिफ्लेक्टर न्हाई, लाईट न्हाई, एखादी पालथी झाली की रस्ता बंद. १०८ ला फोन लागतोय, गाडी निघतीय पण, वस्तीपत्तुर यायचं कसं? उसातनं जाणाऱ्या पाणंदीला मुरूम टाका, तो बाळंतपणालापण उपयोगी आन् उसालापण, म्हंजे ठराव एका मिनिटात पास.

सिस्टर_अक्का

ताई, मी एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून खटाव-माण भागात नोकरी केली, आता रिटायर आहे. तुला अगं-तुगं करते, राग मानू नको.

पाणंद दुसऱ्या पैशातनं होते, तिच्यासाठी हा निधी घालू नको. ह्या पैशात पहिलं रक्ताचं बघ. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर पाहिजे, ७ च्या खाली गेलं म्हणजे तिला उपकेंद्रात ठेवून घेण्यात अर्थ नाही, मोठ्या दवाखान्यातच पाठवायची. देशाचं बघितलं तर २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून जास्त गरोदर बायांना रक्तक्षय निघाला. आता तू म्हणशील लोहाच्या गोळ्या तर फुकट मिळतात. मिळतात की, चौथ्या महिन्यापासनं रोज एक, १८० गोळ्या, आणि बाळंत झाल्यावर परत तेवढ्याच. पण गोळी हातात दिली की रजिस्टरला टिक होते, पोटात गेली का नाही ते कुणी बघत नाही. मला त्या गोळ्या तांदळाच्या डब्यात सापडल्यात, उशीच्या अभ्र्यात सापडल्यात, एका बाईनं तर तुळशी वृंदावनात पुरलेल्या, म्हणाली टाकून दिलं तर पाप लागंल.

का खात नाहीत तर मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात, आणि सासू म्हणते त्या गोळ्यांनी बाळ मोठं होऊन सीझर होतंय, नाहीतर बाळ काळं होतंय. बाईला कुणी बसवून सांगत नाही की रात्री जेवण झाल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नको, कॅल्शियमची गोळी दिलेली असते तिच्याबरोबर तर मुळीच नको, दोन्हीची वेळ वेगळी ठेव, वर लिंबू पिळून पाणी पी. आपल्याकडं चहा किती वेळा होतो तुला माहीत आहेच, चहा पोटात असला की लोह अंगी लागत नाही. हे सुनेला सांगून उपयोग नाही, सासूला सांगायला पाहिजे. मी तर शेवटी शेवटी सुनेला घरी ठेवून सासूलाच मीटिंगला बोलवायचे.

आणि खाणं. आपल्यात बाळंत झाली की डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेवग्याची भाजी, सगळं बाजेवर आणून देतात. त्याला नाव नाही ठेवत, चांगलंच आहे. पण ते बाळ पोटात वाढत असताना पाहिजे होतं ना? तेव्हा तर जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, आणि घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर जी भाजी तळाला उरेल ती हिची. अंगणवाडीतनं पाकिटं मिळतात, ती कुणाच्या म्हशीनं खाल्ली ते गावाला माहीत असतं. आदिवासी भागात सरकार २०१५ पासनं अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायांना रोज एक गरम जेवण अंगणवाडीत बसवून देतं. सांगली-साताऱ्याला ते लागू नाही, पण तसंच काही बारकं ग्रामपंचायतीला करता येतं. रोजचं जेवण झेपणार नाही, पण अंडं आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू, आणि गोळी तिथंच, सगळ्यांदेखत. बायका एकत्र बसून खातात तेव्हा पाकीट घरी जात नाही, म्हशीकडंपण जात नाही.

लेबररूम_मिरज

मिरजेला पीजी करतोय, स्त्रीरोग. नाईटला आहे त्यामुळं तुकड्या तुकड्यात लिहितोय, व्याकरण बघू नका.

सिस्टर अक्कांनी सांगितलं ते शंभर टक्के. त्याला जोडून एकच, सातव्या-आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ निघालं तर आता फक्त गोळ्यांवर थांबायचं नसतं, शिरेतनं लोहाचं इंजेक्शन असतं, सरकारी दवाखान्यात मिळतं. म्हणून तपासणी लवकर पाहिजे. आमच्याकडं येणाऱ्या किती बायांचं पहिलं हिमोग्लोबिन लेबररूमच्या दारात होतं हे बघून जीव जातो राव.

आता रक्त का एवढं महत्त्वाचं. बाळंत झाल्यावर अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं की आम्ही त्याला रक्तस्राव म्हणतो. धडधाकट बाई तेवढं सहन करते. हिमोग्लोबिन सहा असलेली बाई नाही करत, तिला त्याच्या निम्म्यात चक्कर येते, बीपी पडतं. आणि हा सगळा खेळ दोन-तीन तासांचा असतो, कधी त्याहून कमी. त्यात घरच्यांनी ठरवायला एक तास घेतला, गाडीला एक तास गेला, तर आमच्या हातात काय उरलं?

यावर अलीकडं एक फार साधं काम झालंय. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका, चार देशांतली ८० हॉस्पिटलं, २०२३ ला निकाल आला. बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी घालायची, रक्त डोळ्यानं अंदाजण्यापेक्षा मोजायचं, आणि रेघ ओलांडली की गर्भाशयाला मसाज, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, एक करून बघू मग दुसरं असं नाही. गंभीर रक्तस्राव आणि त्यातनं येणारं ऑपरेशन, मृत्यू, सगळं मिळून ६० टक्क्यांनी खाली आलं. नवीन औषध एकपण नाही त्यात. वेळेवर कळलं एवढंच.

हे हॉस्पिटलचं झालं, ग्रामपंचायतीनं पिशव्या घेऊ नयेत 😅 पण गावाच्या हातात रक्तदान आहे आणि ते तुम्ही लोक फार चुकीच्या पद्धतीनं करता. म्हणजे नेत्याचा वाढदिवस आला की एकाच दिवशी गावोगावी शिबिरं, बॅग नाहीतर हेल्मेट भेट, बाटल्यांचा ढीग. रक्त ३५ दिवस टिकतं, फारतर ४२, पुढं ते टाकून द्यावं लागतं. मग मे महिन्यात कॉलेजं बंद, कुणाचा वाढदिवस नाही, आणि ब्लड बँकेत फोन लावत बसा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला रक्त फुकट आहे. पण फुकट द्यायला पिशवी कपाटात असायला लागते ना. तुमच्या गावात मंडळं किती असतील, चार-पाच? त्यांना महिने वाटून द्या. उन्हाळा ज्याच्या वाट्याला येईल त्याला पाहिजे तर हेल्मेट दोन द्या.

लेबररूम_मिरज

(अर्धवट राहिलं, इमर्जन्सी आलेली.) दीड किलोच्या बाळाबद्दल. असं बाळ उबेला ठेवायला काचेची पेटीच लागते असं नाही. १९७८ ला कोलंबियात, बोगोटाच्या हॉस्पिटलात पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. तेच कांगारू मदर केअर. २०२१ ला पाच देशांतला अभ्यास आला, त्यात भारतपण होता, अठराशे ग्रॅमच्या आतली बाळं जन्मल्या जन्मल्या, तब्येत सावरायची वाट न बघता आईच्या छातीशी ठेवली तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. एवढ्या लहान बाळाला आधी एसएनसीयूतच (सरकारी दवाखान्यातला नवजात बाळांचा खास कक्ष) न्यायचं, घरी ठेवून प्रयोग करायचा नाही, पण डिस्चार्ज झाल्यावर घरीपण छातीशी ठेवायला लागतं आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात बाळाला खाली ठेव, अंगाची सवय लागंल. लागू दे की!

सिस्टर_अक्का

बरोबर बोललास रे बाळा. आणि लहान बाळाची आंघोळ! दीड-दोन किलोच्या बाळाला तेल चोपडून कडकडीत पाण्यानं आंघोळ घालायची, नाकात तेल, मग धुरी, बाळ धुरानं कोंडतंय आणि वरनं म्हणायचं बघा कसं शांत झोपलं. नाळेवर काही लावायचं नाही, हळद नाही, राख नाही. मध चाटवायचा नाही, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही. पहिलं घट्ट पिवळं दूध, चीक, तो पिळून टाकतात अजून काही घरांत. गाईचा चीक वाटीवाटीनं शेजाऱ्यांना वाटतात आणि बाईचा टाकून देतात.

हिशेबी_माणूस

सगळं वाचलं. एक विरोधी मत मांडतो, राग नसावा. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत एक लाख जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. केरळ सोडलं तर आपल्या पुढं फारसं कुणी नाही. १०० तल्या जवळपास ९५ बाळंतपणं आपल्याकडं दवाखान्यात होतात. म्हणजे मोठं काम सरकारनं करून ठेवलंय. एका गावात एका वर्षात बाळंतपणं होणार तीस-चाळीस, त्यात मृत्यू बहुतेक शून्यच. मग ग्रामपंचायतीनं लोकांना दिसेल, हातात पडेल असं काही दिलं तर एवढं काय वाईट? मच्छरदाणी वापरतातच की. आणि ताईंना पुढच्या वेळी निवडून यायचं आहे का नाही?

लेबररूम_मिरज

आकडे बरोबर आहेत तुमचे. २००४-०६ ला देशाचा हाच आकडा २५४ होता, तिथनं ९७ म्हणजे खरंच मोठं काम आहे आणि ते आशा, सिस्टर, १०८ चे ड्रायव्हर यांनी केलंय. पण सरासरी ३३ म्हणजे सगळीकडं ३३ नाही ना दादा. जे सोपं होतं ते झालं, आता उरलंय ते अवघड. उरलेल्या बाया कोण आहेत? सतरा वर्षांची, जिला दवाखान्यात नेलं तर केस होईल म्हणून घरचे आणतच नाहीत. तिसऱ्या-चौथ्या खेपेची, जिला वाटतं मला सगळं माहीत आहे. आणि जी कुठल्याच गावच्या यादीत नाही ती. शिवाय मरणारी एक असली तरी मरता मरता वाचलेल्या कितीतरी असतात, त्या कुठल्या दरात मोजता तुम्ही?

कडेगावची_सून

डॉक्टर, "कुठल्याच यादीत नाही" म्हणालात म्हणून लिहिते. खरंतर हे पहिल्याच प्रश्नात टाकणार होते पण गावातली वाचतील म्हणून गप्प बसले. आता बसायचं नाही.

दिवाळी झाली की आमच्या शिवारात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. ओढ्याकडच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. त्यात पोटुशी बाया असतात, एकदोन तर दिवस भरत आलेल्या. मी मीटिंगमध्ये म्हटलं हे जे काय करायचं त्यात ह्यांनापण धरा, तर एक सदस्य म्हणाले ती आपली मतदार नाहीत, त्यांचं बीडवाले बघतील. मी म्हटलं ऊस तर आपला तोडतात. त्यावर शांतता, आणि विषय पुढच्या मीटिंगला. हिशेबी दादा, तुमच्या गणितात ह्या बाया कुठं बसतात?

हिशेबी_माणूस

खरं सांगायचं तर त्यांचा विचार केला नव्हता. पण ग्रामपंचायतीचा पैसा बाहेरच्यांवर खर्च केला तर ऑडिटला शेरा येईल, हे मात्र डोक्यात ठेवा.

पाचट

मी एका साखर कारखान्याला चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या बघणारा) होतो, पलूस-वाळवा भागात. हा विषय निघाला म्हणून पहिल्यांदा इथं लिहितोय, वाचतो रोज.

ताई, तुमच्या दवाखान्याचं सगळं टायमिंग ह्या बायांना उलटं पडतं हे आधी समजून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घेतलेली असते ती त्या कोयत्यावर. एक दिवस कामाला नाही आली तर खाडा, तो उचलीतनं कापतात. दवाखान्यात गेली तरी खाडाच. टोळी अंधारात फडात उतरते, नवरा तोडतो, बाई पाला काढते, मोळी बांधते, मग गाडी आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढायचं. सातवा महिना असलेली बाई त्या फळीवरनं चढताना मी बघितलीय, फळी वाकते, खाली दुसरी बाई हात धरायला उभी. गाडी कधी येईल त्याला वेळ नाही, रात्री बारालापण येते. आणि तुमची महिन्याच्या ९ तारखेची डॉक्टर तपासणी सकाळी दहाला पीएचसीत. कोण जाणार?

२०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं सगळ्या पेपरांत आलं, तेव्हा लोक म्हणाले अडाणी बाया. अडाणी काय त्यात, महिन्याच्या त्या चार दिवसांचा खाडा चुकवायचा होता.

बरं, ह्या बायांची गावाकडं नोंदणी झालेली असते. बीडच्या आशानं कार्ड करून दिलेलं असतं. ते कार्ड रेशनकार्डाबरोबर कॅरीबॅगमध्ये गुंडाळून कोपीच्या पाचटात खोचलेलं असतं, दवानं भिजून पार लगदा. एका गावचा फड संपला की टोळी पुढच्या गावाला, हितल्या आशाला पत्ता नसतो ती गेली कुठं आणि तिथल्या आशाला पत्ता नसतो कोण आलंय. मधल्यामध्ये इंजेक्शन राहतं, तपासणी राहते, आणि बाळंतपण कोपीतच, बरोबरच्या बाया करतात.

काय करायचं सांगू? मुकादमाचा नंबर घ्या. टोळी उतरली की पहिल्या दिवशी. त्याला सगळं माहीत असतं, कोण पोटुशी, कितवा महिना. त्याला दम देऊ नका, दम दिला की तो खोटं बोलतो, साधं विचारा. बाळंतपणात बाई अडली तर त्याचापण कोयता मोडतो, त्यामुळं तो फोन करतो. आणि तपासणी कोपीवर ठेवा, दिवस मावळल्यावर.

आशा_वस्तीवरची

मीपण इथं आहे. आशा आहे, जिल्हा सांगली, एवढंच सांगते.

सगळे म्हणतात आशानं हे करावं, आशानं ते करावं. बाळ झाल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का ते बघायचं. हे काम मला आवडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी हे केलं, १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आणलेले, त्यावरनंच पुढं आमच्या भेटी आल्या असं ट्रेनिंगला सांगितलेलं. तेव्हा वाटलं आपणपण काहीतरी करतोय. पण माझ्या बॅगेतला झोळीचा काटा दोनशे ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो. दोन किलोच्या बाळाला दोनशे ग्रॅम म्हणजे किती हो! पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, मग भरायला लागतं, ते भरतंय का नाही तेच त्या काट्यावर कळत नाही. थर्मामीटरचा सेल गेला तर तो मीच घालते.

कोप्यांवर मी जाते, सांगितलं नाही तरी जाते. पण संध्याकाळी जायचं म्हणजे अंधार, ओढ्याची वाट, टोळीची कुत्री अंगावर येतात. नवरा दुचाकीवर सोडायला येतो, तो घरी असला तर. एखादा माणूस सोबत आणि गाडीचं तेल एवढं मिळालं तरी मी आठवड्याला जाईन. आणि ह्या बायांना अंगणवाडीतलं पाकीट आणि लसी जिथं असतील तिथं मिळायला पाहिजेत, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये स्थलांतरित म्हणून घेता येतात. आमची अंगणवाडी ताई घेते, सगळ्या घेत नाहीत कारण काम वाढतं.

अजून एक. कोपीतल्या बाया मला हळूच पाळणा लांबवायचं विचारतात. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्याला एक, छाया गोळी, दोन्ही सरकारीत फुकट. नवऱ्यासमोर विचारत नाहीत, म्हणून एकटं भेटायला लागतं. पाठीला पाठ मूल झालं की रक्त भरायला वेळच मिळत नाही, आणि मग डॉक्टर म्हणतात तसं दारात हिमोग्लोबिन सहा.

वाळव्याचा_गडी

ताई सलाम. माझा मुरूम मागं घेतो. टोळीच्या कुत्र्याचं मात्र खरं हाय, बिस्किटाचा पुडा खिशात ठेवायचा.

कडेगावची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार. कच्चा ठराव असा लिहिलाय, चुकलं तर सांगा.

उपकेंद्राला दोन चांगले डिजिटल बाळवजनकाटे, आशांना एकेक थर्मामीटर आणि सेल. हिमोग्लोबिन मोजायचं डिजिटल मशीन एक. अंगणवाडीत आठवड्यातनं तीन दिवस अंडं आणि शेंगदाणा लाडू, गोळी तिथंच, लाडू बचत गट करणार (त्यामुळं बचत गटाच्या बाया बाजूनं बोलतील, हे पण बघायला लागतं). ऊस हंगामात आठवड्याला एक संध्याकाळ आशा आणि सिस्टर कोप्यांवर, गाडी आणि सोबत ग्रामपंचायतीची. कार्डाला प्लास्टिकचं जाड पाकीट, वर आमच्या आशाचा नंबर लिहून. मंडळांचं रक्तदान महिने वाटून, त्याला पैसा लागत नाही.

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले बाकी चालेल पण टोळीच्या बायांची नावं लाभार्थी यादीत कशी घालायची, रहिवासी दाखला कुठला?

हिशेबी_माणूस

मी विरोधात होतो तरी हे सांगतो. नावानं वाटप दाखवलं की यादी मागतात, दाखला मागतात. वाटप दाखवूच नका. साहित्य उपकेंद्राच्या आणि अंगणवाडीच्या साठा रजिस्टरला चढवा, गाडी भाडं आरोग्य तपासणी शिबिर म्हणून टाका, ग्रामसभेचा ठराव आणि मेडिकल ऑफिसरचं मागणीपत्र जोडा. उपकेंद्रात कोण आली तिचा दाखला कुणी बघत नाही. शिवाय ग्राम आरोग्य पोषण समितीला वर्षाला १० हजारांचा मुक्त निधी येतो, तो बहुतेक ठिकाणी फिनेल आणि झाडूत जातो. सेल, थर्मामीटर, प्लास्टिक पाकीट तिथनं करा, तुमचा पैसा वाचेल.

सिस्टर_अक्का

हिमोग्लोबिनचं मशीन घेताना पट्ट्यांचा हिशेब आधी कर. मशीन एकदाच येतं, पट्ट्या सारख्या लागतात, आणि डबी फोडली की त्या फार दिवस टिकत नाहीत. पट्ट्या संपल्या की मशीन कपाटात जातं, कायमचं. म्हणून आधी पीएचसीत विचार त्यांच्याकडं कुठलं मशीन आहे, तेच घे, म्हणजे पट्ट्या तिकडनं मिळत राहतील. बाळाचा काटा ताटाचा घे, झोळीचा नको, आणि महिन्यातनं एकदा त्यावर किलोचं माप ठेवून बघत जा. किराणा दुकानदाराकडं माप असतंच.

पाचट

कोप्यांवर जायचा वार ठरवताना बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी टोळीला खर्ची मिळते, बाया लवकर मोकळ्या होतात, बाजार करून दिवस मावळायच्या आत परत आलेल्या असतात. त्या संध्याकाळी सगळ्या कोपीवर सापडतात. बाकीच्या दिवशी अर्ध्या फडात असतात.

कडेगावची_सून

आमचा बाजार गुरुवारी. सिस्टरला गुरुवारी दुपारनंतर लसीकरण नसतं बहुतेक, उद्या सकाळी विचारते आणि इथं टाकते.